बास रीव्ह्ज: मुलाच्या नावाचं वॉरंट मागून घेणारा डेप्युटी मार्शल

पांथस्थ (धागाकर्ता)

१९०२ साली अमेरिकेतल्या इंडियन टेरिटरीतल्या (मूळनिवासी जमातींना वसवलेल्या मुलखातल्या) मस्कोगी शहरात बेनी रीव्ह्ज या तरुणानं आपल्या बायकोचा खून केला. अटकेचं वॉरंट निघालं. केंद्र सरकारच्या कोर्टाचे हुकूम बजावणारा अधिकारी म्हणजे मार्शल. तिथले मार्शल लिओ बेनेट यांच्या हाताखालच्या डेप्युटींमध्ये सगळ्यात मुरलेला माणूस होता बास रीव्ह्ज, म्हणजे बेनीचा बाप. वॉरंटला हात लावायला कुणी धजेना, ते कुणाच्या हाती द्यावं हे बेनेटनाही सुचेना, असं पुढे सांगितलं गेलं. अखेर बासनं ते स्वतः मागून घेतलं आणि मुलाला पकडून आणलं. बेनीला जन्मठेप झाली आणि त्याची रवानगी कॅन्ससमधल्या लेव्हनवर्थच्या तुरुंगात झाली.

हा प्रसंग जो तो सांगतो तो एकाच अर्थानं: कायद्यापुढे पोटचा पोरही परका. कर्तव्य जिंकलं, माया हरली. मला हा अर्थ पटत नाही, आणि बरेच दिवस पटत नाहीये, म्हणून हा धागा. माझं म्हणणं असं की बासनं ते वॉरंट बाप होता म्हणूनच घेतलं. ते का, हे समजायला त्याचं आधीचं आयुष्य माहीत हवं.

बास १८३८ साली आर्कान्सॉत गुलाम म्हणून जन्मला. मालकाचं आडनाव रीव्ह्ज, तेच याला चिकटलं. पुढे हे कुटुंब टेक्सासला गेलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात बास मालकाच्या मुलाच्या, जॉर्ज रीव्ह्जच्या, तैनातीत होता आणि तिथून तो पळाला. पत्त्यांच्या डावावरून भांडण झालं आणि त्यानं मालकाला लोळवलं, अशी घरात चालत आलेली हकीकत आहे. पळून तो इंडियन टेरिटरीत शिरला. आजच्या ओक्लाहोमातला हा मुलूख. पूर्वेकडून हुसकावून लावलेल्या चेरोकी, क्रीक, सेमिनोल, चोक्टॉ, चिकसॉ लोकांना तिथे वसवलं होतं. त्यांच्यात राहून तो त्यांच्या बोली शिकला आणि तो मुलूख त्याला पाठ झाला. १८६५ साली गुलामगिरी संपली तेव्हा कुठे तो कायद्याच्या नजरेत फरारी राहिला नाही. त्यानंतर आर्कान्सॉत व्हॅन ब्युरेनजवळ शेती, नेली जेनीबरोबर संसार, घरभर मुलं.

१८७५ साली आयझॅक पार्कर हे आर्कान्सॉतल्या फोर्ट स्मिथच्या फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कोर्टात न्यायाधीश म्हणून आले. टेरिटरीतल्या जमातींना स्वतःची न्यायालयं होती, पण बाहेरून आलेल्या माणसावर त्यांचा अधिकार चालत नसे. साहजिकच टेक्सास, मिसूरी, कॅन्ससमधून पळालेला प्रत्येक गुन्हेगार तिथे आसरा घेई. सुमारे ७४,००० चौरस मैलांचा प्रदेश, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ तीन-पंचमांश, आणि त्यावर हुकूम एकट्या फोर्ट स्मिथच्या कोर्टाचा. पार्कर यांनी १६० जणांना फाशीची शिक्षा सुनावली, त्यातले ७९ प्रत्यक्ष लटकले. १८८९ पर्यंत या कोर्टाच्या फाशीवर अपीलसुद्धा नव्हतं.

अशा कोर्टासाठी २०० डेप्युटी भरायचे ठरले आणि त्यांत बासची निवड झाली. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला नेमल्या गेलेल्या अगदी पहिल्या काळ्या डेप्युटी मार्शलांपैकी तो एक. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. वॉरंट कुणाकडून तरी वाचून घ्यायचं, नाव आणि गुन्हा डोक्यात ठेवायचा आणि निघायचं. बरोबर एक गाडी, एक स्वयंपाकी, एक-दोन मदतनीस, पकडलेल्यांसाठी साखळ्या. महिना-दीड महिन्यानं ती गाडी कैद्यांनी भरून फोर्ट स्मिथला परत यायची. पगार असा नाहीच. मैलामागे काही सेंट आणि वॉरंट बजावण्याची दोनेक डॉलर फी, त्यातूनही मार्शल आपला वाटा कापून घेई. माणूस जिवंत आणला तरच ती फी. तो हातून मेला आणि कुणी नातेवाईक पुढे आला नाही तर पुरण्याचा खर्च डेप्युटीच्या माथी.

असं ३२ वर्षं. ३,००० हून अधिक अटका त्याच्या नावावर सांगतात आणि हातून मेलेले १४. त्या मुलखात ओक्लाहोमा राज्य होईपर्यंत शंभरहून अधिक डेप्युटी मारले गेले. त्यात हा म्हातारा होईपर्यंत टिकला.

आता १९०२ च्या त्या वॉरंटकडे पाहा. बासनं ते घेतलं नसतं तर दुसऱ्या कुणीतरी घेतलं असतं. खुनाचा आरोप असलेला, घाबरलेला, बहुधा हत्यार जवळ असलेला एक काळा तरुण. त्याला पकडायला जाणारा अनोळखी डेप्युटी किती वेळ थांबला असता? बास अशा पाठलागांचा शेवट आतून जाणत होता. जिम वेब नावाचा राँचवरचा एक मुकादम बासनंच खुनासाठी पकडला होता. जामिनावर सुटून तो पळाला, आणि १८८४ साली बासच्याच गोळीनं मेला. मुलगा जिवंत कोर्टापर्यंत पोचावा याची सगळ्यात मोठी खात्री बाप स्वतः गेला तरच होती. माझ्या मते त्या दिवशी कर्तव्य आणि माया एकाच वाटेनं गेली, आणि ती वाट भयंकर होती.

तुम्हाला काय वाटतं?

---

जुना वाचक

सुंदर लिहिलंय. पण अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरचा कायदा आणि दोस्ती म्हटलं की मला आधी न्यू मेक्सिकोतले पॅट गॅरेट आणि फरारी गुन्हेगार बिली द किड आठवतात. एकत्र बसून पत्ते खेळणारे दोघे, गॅरेट शेरिफ होतो आणि बिलीला गोळी घालतो. त्याहून मोठा पेच कुठला?

---

पांथस्थ

जुना वाचक, ती कहाणी ऐकायला जितकी घट्ट वाटते तितकी कागदांत सापडत नाही. फोर्ट समनरसारख्या छोट्या वस्तीत दोघांची ओळख होती, उठबस होती. जिवाभावाची दोस्ती होती याला भक्कम आधार नाही. ती बहुतेक नंतर सांगणाऱ्यांनी रंगवली.

गॅरेटचा खरा पेच मला वेगळा वाटतो. त्याची बायको अपोलिनारिया गुतिएरेस तिथल्याच स्पॅनिश बोलणाऱ्या समाजातली. तोच समाज बिलीला आसरा देत होता, खाऊ घालत होता. नोव्हेंबर १८८० मध्ये गॅरेट लिंकन काउंटीचा शेरिफ निवडून आला, डिसेंबरात स्टिंकिंग स्प्रिंग्जला त्यानं बिलीला पकडलं. एप्रिल १८८१ मध्ये बिलीला फाशीची शिक्षा झाली, त्याच महिन्याच्या २८ तारखेला तो दोन पहारेकऱ्यांना मारून पळाला, आणि १४ जुलैच्या रात्री पीट मॅक्सवेलच्या घरात, अंधाऱ्या खोलीत, गॅरेटनं त्याला गोळी घातली. बिली स्पॅनिशमध्ये "कोण आहे?" विचारत आत आला होता. ज्यांच्यात गॅरेटची सासुरवाडी, त्यांच्यातल्या अनेकांना हे पचलं नाही. १८८२ साली शेरिफपदाची उमेदवारीसुद्धा त्याला मिळाली नाही.

म्हणून मला रीव्ह्जची गोष्ट जास्त खोल वाटते. तिथे नातं किती जवळचं होतं यावर वाद घालायलाच जागा नाही.

---

कोर्टाची पायरी

मी वकिली करते, त्यामुळे माझा पहिला प्रश्न वेगळा आहे. हे वॉरंट बासला द्यायलाच नको होतं. तो धीराचा होता, प्रामाणिक होता, सगळं मान्य. पण आरोपीचा बाप तपासात किंवा अटकेत असणं हे आरोपीलाही अन्यायाचं आणि मेलेल्या बाईच्या माहेरच्यांनाही. उद्या बेनी वाटेत निसटला असता तर कुणीही म्हणालं असतं की बापानं सोडला. अटकेत त्याला गोळी लागली असती तर बाप जन्मभर मुलाचा मारेकरी ठरला असता.

आपल्याकडे निवडणुकीच्या काळात अधिकाऱ्याला त्याच्या गृहजिल्ह्यात ठेवत नाहीत. त्याचं कारण तो माणूस वाईट असतो असं नाही. त्याच्यावर ही पाळीच येऊ नये हे व्यवस्थेचं काम असतं. बेनेट यांनी शेजारच्या जिल्ह्यातून डेप्युटी मागवायला हवा होता. या गोष्टीत आपण बासला देव्हाऱ्यात बसवतो आणि त्याला या कोंडीत ढकलणाऱ्या कार्यालयाला मोकळं सोडतो.

---

रानवाटा

कोर्टाची पायरी, मुद्दा पटला. पण धागाकर्त्यांच्या मूळ तर्काबद्दल मला शंका आहे. बासला ज्यानं बाप्तिस्मा दिला त्या पाद्र्यालाच त्यानं चोरून दारू विकल्याबद्दल पकडलं, असं सांगतात. टेरिटरीत दारू विकणं फेडरल गुन्हा होता. म्हणजे हा माणूस मुळातच असा होता. नाव कुणाचं आहे हे तो बघतच नव्हता. मग मुलाच्या बाबतीत तो 'बाप म्हणून' गेला हे आपण आपल्या मनातलं त्याच्या तोंडी घालत नाही का? त्यानं स्वतः लिहून काहीच ठेवलेलं नाही, आणि ठेवणं शक्यही नव्हतं.

---

पांथस्थ

रानवाटा, त्यानं लिहून ठेवलं नाही हे खरं, म्हणून मीही 'माझ्या मते' असंच म्हटलंय. पण पाद्र्याचा दाखला माझ्या विरोधात जातो असं मला वाटत नाही. पाद्र्याच्या वॉरंटसाठी त्याला कुणासमोर उभं राहून मागणी करावी लागली नव्हती. नेहमीच्या कामात ते आलं आणि त्यानं बजावलं. मुलाचं वॉरंट त्यानं मागून घेतलं. नाव न बघणारा माणूस मागायला जात नाही, समोर येईल ते करतो.

आणखी एक गोष्ट मी मूळ लेखात घेतली नव्हती, ती इथे सांगतो. आरोपी म्हणून कोठडीत बसणं काय असतं हे बासला माहीत होतं. १८८४ साली एका दौऱ्यावर त्याच्या गोळीनं त्याचाच स्वयंपाकी, विल्यम लीच, मेला. रायफलमध्ये अडकलेलं काडतूस काढताना ती सुटली, असं बासचं म्हणणं. त्याच्यावर खुनाचा खटला उभा राहिला. फोर्ट स्मिथच्या ज्या तुरुंगात त्यानं शेकडो माणसं आणून टाकली होती, तिथेच तो कित्येक महिने होता. १८८७ साली पार्कर यांच्याच कोर्टात खटला चालला आणि ज्युरीनं त्याला निर्दोष सोडलं. वकिलांच्या फीपायी तोवरची पुंजी मात्र गेली.

म्हणजे त्या कोर्टाचं दोन्ही बाजूंचं दार त्यानं पाहिलं होतं. कोर्टात पोचलेल्या माणसाला निदान आपलं म्हणणं मांडता येतं, झुडपात गाठलेल्याला ते येत नाही, हे त्यानं स्वतः भोगलेलं होतं. मुलाला कोर्टापर्यंत नेणं हा त्याच्या दृष्टीनं मुलाचा त्याग होता, असं मी मानत नाही.

---

सांजवेळ

इथपर्यंतचे सगळे प्रतिसाद वाचले. बाप काय विचार करत होता, मुलगा कसा वाचला, मार्शलनं काय करायला हवं होतं. जी मेली तिच्याबद्दल कुणी एक ओळ लिहिलेली नाही. धाग्यात ती फक्त 'बायको' आहे.

मला ही गोष्ट आवडते असं म्हणवत नाही, त्याचं कारण हेच. नवऱ्यानं संशयावरून किंवा रागावरून बायकोला मारलं, ही काही सरहद्दीवरची खास घटना नव्हे. ती मस्कोगीत होते तशी मिरजेत होते. मग तिच्यावरून नजर हटते आणि सगळ्यांना बाप-लेकाचा पेच दिसू लागतो. पांथस्थ, तुमचा युक्तिवाद मला समजला की बापानं मुलाला जिवंत आणलं. पण त्या वॉरंटमागे एक तिसरं नातंही होतं. ती त्याची सून होती. कदाचित त्याच्या घरात वावरलेली, त्याच्या हातून काही खाल्लेली. तिच्याशी त्याची काही निष्ठा नव्हती का? तुम्ही 'कर्तव्य विरुद्ध माया' म्हणता तेव्हा सगळी माया मुलाच्याच पारड्यात कशी पडते?

---

कोर्टाची पायरी

सांजवेळ, हजार वेळा सहमत. कायद्याच्या भाषेत यालाच फिर्यादी पक्ष म्हणतात आणि गोष्टीतून तोच गायब होतो.

---

पांथस्थ

सांजवेळ, तुमच्या प्रश्नानं माझं मत बदललं नाही, पण ते मला जास्त स्पष्ट दिसू लागलं. बासनं वॉरंट घेतलं त्यात सुनेचंही देणं होतं असं धरलं, तर त्याच्या त्या एकाच कृतीतून दोन्ही देणी फिटतात. मुलगा जिवंत राहतो आणि सुनेच्या खुनाची सुनावणी होते. मुलाला पळून जाऊ दिलं असतं तर सुनेशी दगा झाला असता. दुसऱ्याला पाठवून मुलगा मारला गेला असता तर मुलाशी. त्या मुलखात कोर्टाबाहेर सूड घेण्याची चाल होतीच, सुनेचे नातेवाईक बंदूक घेऊन निघणं अशक्य नव्हतं.

---

टूम्बस्टोनचा प्रवासी

सूड निघालाच आहे तर वायट अर्पचं उदाहरण इथे हवंच. २६ ऑक्टोबर १८८१ ची, ॲरिझोनातल्या टूम्बस्टोनची, अर्प बंधू आणि त्यांच्या विरोधकांमधली चकमक सगळ्यांना माहीत असते, पण धाग्याच्या विषयाचं खरं प्रकरण त्यानंतरचं आहे. डिसेंबरात दबा धरून बसलेल्यांनी वायटचा भाऊ व्हर्जिल याचा हात कायमचा निकामी केला. १८ मार्च १८८२ ला दुसरा भाऊ मॉर्गन याला बिलियर्ड खेळताना काचेतून गोळी घालून मारलं. वायट तोवर डेप्युटी यू.एस. मार्शल झाला होता. दोनच दिवसांनी टूसॉनच्या रेल्वे स्टेशनवर त्यानं आणि त्याच्या माणसांनी मॉर्गनच्या खुनातला संशयित फ्रँक स्टिलवेलला ठार केलं. मग वॉरंट निघालं ते वायटच्याच नावाचं, आणि त्याला ॲरिझोना सोडावं लागलं.

भावासाठी त्यानं बिल्ला वापरला. आरोपींना कोर्टात उभं केलं की मित्र साक्ष देतात आणि ते सुटतात, हे त्यानं पाहिलं होतं. म्हणून कोर्टावरचा विश्वासच उडाला होता. रीव्ह्ज आणि अर्प यांच्यात मला हाच फरक दिसतो. बासचा कोर्टावर विश्वास टिकून होता.

---

रानवाटा

आणि विश्वास टिकावा असं त्या कोर्टानं किंवा त्या देशानं बाससाठी काय केलं होतं? वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापर्यंत कायद्यानं त्याला वस्तू मानलं. १९०७ साली ओक्लाहोमा राज्य झालं आणि नव्या विधिमंडळानं पहिल्याच कायद्यानं रेल्वेत गोऱ्यांचे आणि काळ्यांचे डबे वेगळे केले. ज्या मुलखात त्यानं ३२ वर्षं कायदा पोचवला, तिथे त्याला कुठल्या डब्यात बसायचं ते सांगितलं गेलं. पाच वर्षांपूर्वी याच कायद्याच्या हाती त्यानं मुलगा सोपवला होता. मला या माणसाबद्दल अपार आदर आहे, पण मी त्याच्या जागी असतो तर मुलाला मेक्सिकोची वाट दाखवली असती.

---

जुना वाचक

यावरून रामशास्त्री आठवले. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर, १७७३ साली, राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणारे आणि पुणं सोडून जाणारे. त्यांनीही सत्तेपुढे न्याय मोठा मानला.

---

रानवाटा

जुना वाचक, पण रामशास्त्र्यांना निघून जाता आलं, हाच फरक. ज्यांच्याविरुद्ध निकाल दिला त्यांच्याशी त्यांचं रक्ताचं नातं नव्हतं, आणि पद सोडून त्यांना आपली बाजू स्वच्छ ठेवता आली. बासनं बिल्ला काढून टेबलावर ठेवला असता तरी तो बेनीचा बाप राहणारच होता.

---

ओक्लाहोमाकर

मी तुलसाजवळ राहतो, मस्कोगी इथून तासाभरावर. फोर्ट स्मिथला पार्कर यांची कोर्टरूम आणि जुना तुरुंग राष्ट्रीय स्मारक म्हणून जतन केलेत. तुरुंग बघाच. तळघर, दगडी भिंती, हवा नाही. तिथे उभं राहिलं की पांथस्थ म्हणतात तो मुद्दा (त्यानं दोन्ही बाजू पाहिल्या) अंगावर येतो. गावात बासचा घोड्यावरचा मोठा ब्राँझचा पुतळा आहे, २०१२ साली बसवलेला. २०२३ साली यू.एस. मार्शलांचं संग्रहालयही तिथेच उघडलं.

फोर्ट स्मिथच्या फेडरल कोर्टाच्या जुन्या फौजदारी फायली टेक्सासमध्ये फोर्ट वर्थला राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. ज्यांना खोलात जायचंय त्यांनी तिथून सुरुवात करावी. बेनीचा खटला मात्र मस्कोगीकडचा, पार्कर तोवर वारले होते (१८९६).

---

सांजवेळ

ओक्लाहोमाकर, बेनीचं पुढे काय झालं? आणि बापलेक पुन्हा भेटले का?

---

ओक्लाहोमाकर

बेनी सुमारे ११ वर्षांनी सुटला आणि त्यानंतर त्याच्या नावावर कुठला गुन्हा नाही. मस्कोगीत तो न्हावी म्हणून काम करायचा असं इथले लोक सांगतात.

बास मात्र त्याआधीच गेला. राज्य झाल्यावर मार्शलांचं खातं बदललं, तेव्हा तो मस्कोगीच्या शहर पोलिसांत शिपाई म्हणून लागला. वय सत्तरीच्या घरात. तब्येत बिघडली तशी ती नोकरीही सुटली, आणि १२ जानेवारी १९१० ला मूत्रपिंडाच्या विकारानं तो वारला. बेनी तेव्हा लेव्हनवर्थमध्येच होता.

---

कोर्टाची पायरी

म्हणजे मुलाला जिवंत आणलं, पण सुटलेला पाहिला नाही. तरीही माझं मत तेच. बेनेट यांनी ते वॉरंट दुसऱ्या जिल्ह्यातल्या माणसाच्या हाती द्यायला हवं होतं, आणि बासला त्या दिवशी बाप म्हणून तुरुंगाच्या दारात उभं राहू द्यायला हवं होतं.

---

पांथस्थ

दुसऱ्या जिल्ह्यातला माणूस बेनीला ओळखत नव्हता, आणि बेनी त्याला. माझा सगळा युक्तिवाद तिथेच अडतो, आणि तिथून मी हलायला तयार नाही.